मृत्यूच्या दारातून परतलेल्या नास्तिकाची साक्ष

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या माणसाने प्रकाश किंवा दिवंगत आप्त पाहिल्याचे सांगितले आणि तो आयुष्यभर नास्तिक राहिलेला असेल, तर त्याच्या शब्दाला आपल्याकडे दुप्पट वजन मिळते. नाशिकला गंगेवर दशक्रियेसाठी जमलेली मंडळी कावळा पिंडाला शिवण्याची वाट पाहत असतात, तेव्हा असा एखादा किस्सा निघतो आणि ‘तो तर देवापुढे कधी हातही जोडत नव्हता’ हे वाक्य त्यात पुरावा म्हणून येते. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. परलोक हवासा वाटणाऱ्यालाच तो दिसला, ही शंका नास्तिकाच्या बाबतीत खरोखर कमी होते. पण कमी होते ती तेवढीच एक शंका. अनुभव कशामुळे आला, हे सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरून ठरत नाही. शिवाय नास्तिकही यम आणि चित्रगुप्ताच्या गोष्टी ऐकतच लहानाचा मोठा झालेला असतो.

मानसशास्त्रज्ञ सतवंत पसरिचा आणि मनोविकारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी 1986 मध्ये मृत्यूच्या दारातून परतलेल्या भारतीयांचे असे 16 अनुभव प्रसिद्ध केले. त्यांत बहुधा यमदूत माणसाला घेऊन जातात, तिथे वही उघडली जाते, भलत्याच माणसाला आणल्याचे लक्षात येते आणि त्याला परत पाठवले जाते. अमेरिकेतील लोक वरून स्वतःचे शरीर पाहिल्याचे सांगतात. या भारतीयांनी तसे सांगितले नाही. अनुभवाचा गाभा एक आणि वेष निराळे, असे यावर म्हणता येईल. मात्र तसे म्हटले की तो गाभा कोणत्याही एका धर्माच्या बाजूने उभा राहत नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ ए. जे. एअर यांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. 1988 मध्ये रुग्णालयात असताना घशात माशाचा तुकडा अडकून त्यांचे हृदय सुमारे 4 मिनिटे थांबले. विश्वाचे नियंत्रण करणारा एक अतिशय प्रखर, त्रासदायक लाल प्रकाश आपण पाहिला, असे त्यांनी लिहिले. मृत्यूने सारे संपते ही आपली खात्री किंचित सैल झाल्याचे त्यांनी आधी मान्य केले, नंतर त्या विधानालाही मुरड घातली. ईश्वर नाही हे मत मात्र त्यांनी सोडले नाही. असाच अनुभव दुसऱ्या एखाद्या नास्तिकाला श्रद्धेकडे नेत असेल, तर फरक अनुभवाने दिलेल्या माहितीत आहे की माणसाने लावलेल्या अर्थात, हे तपासावे लागते.

अशी तपासणी करता येते. डॉक्टर सॅम पार्निया यांच्या गटाने रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हृदय बंद पडण्याच्या 2060 घटना होत्या आणि 140 जणांच्या मुलाखती झाल्या. खोलीत काय घडले ते पाहिल्या-ऐकल्याचे दोघांनी सांगितले, त्यांपैकी एकाचे वर्णन पडताळता आले. पण त्या दोघांवर उपचार झाले तिथे फळीच नव्हती. एखाद्याने ते चित्र नेमके सांगितले असते, तर आज मेंदूविज्ञानाला मोठा पेच पडला असता, आणि तो माणूस आस्तिक की नास्तिक हे कुणी विचारलेही नसते.

मेंदूच्या बाजूनेही काही धागे मिळतात. 2002 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांच्या गटाने अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील एका भागाला विजेची सौम्य चेतना दिली, तेव्हा आपण वरून स्वतःला खाली पडलेले पाहत आहोत, असे ती म्हणाली. शिवाय आठवण नेमकी कधी तयार झाली, शुद्ध हरपताना, छाती दाबून रक्त खेळवले जात असताना की शुद्धीवर येताना, हे रुग्णाला स्वतःला सांगता येत नाही.

तरीही या माणसांत होणारा बदल खरा असतो. डच हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांच्या 2001 च्या अभ्यासात हृदय बंद पडून वाचलेल्या 344 रुग्णांपैकी 62 जणांनी असा अनुभव सांगितला, आणि 8 वर्षांनंतरही त्यांच्यात मृत्यूचे भय इतरांपेक्षा कमी आढळले. अतिदक्षता विभागातून घरी आलेला माणूस असे काही सांगू लागला, तर त्याला भ्रमिष्ट ठरवू नये आणि त्याच्याकडून धर्माचा निकालही मागू नये. काय दिसले, कोणत्या क्रमाने दिसले, हे लगेच टिपून ठेवावे, कारण चार जणांना सांगून झाल्यावर मूळ आठवण वेगळी काढणे फार अवघड होते.