मुमताज महल घोडी आणि 'शुद्ध रक्ता'चा घोळ

मुमताज महल सबंध कारकिर्दीत दहा शर्यती धावली. सात जिंकली, दोनदा दुसरी आली, एकदा मागे पडली. एकही क्लासिक (तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच्या पाच मानाच्या इंग्लिश शर्यतींपैकी एक) तिच्या नावावर नाही. नुसत्या या आकड्यांवर इंग्लिश टर्फच्या इतिहासात तिला कोपऱ्यातली जागा मिळाली असती. पण महमूद, नसरुल्ला, शेरगर, सेक्रेटेरियट, नॉर्दर्न डान्सर यांपैकी कुणाचीही वंशावळ उघडा, मागे मागे जाताना ही राखाडी घोडी भेटतेच. तिच्याही मागे गेलं की एक असा घोडा लागतो, ज्याच्यामुळे नोंदणीच्या नियमाचा हेतू धरला तर ती थरोब्रेड, म्हणजे शुद्ध वंशाची शर्यतीची घोडी, ठरायलाच नको होती. शर्यतींबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे; हा दुसरा भाग सहसा एका ओळीत गुंडाळला जातो.

जन्म १९२१ चा, यॉर्कशरमधल्या स्लेडमिअर स्टडवर, म्हणजे घोड्यांच्या पैदास केंद्रावर. बाप द टेट्रार्क. राखाडी अंगावर चुना शिंपडावा तसे पांढरे ठिपके असलेला हा घोडा १९१३ साली, दोन वर्षांचा असताना सात शर्यती धावला, सातही जिंकला, आणि पाय दुखावल्याने पुन्हा कधी धावला नाही. आई लेडी जोसेफीन, तीही चपळ घराण्यातली. १९२२ मध्ये डॉन्कास्टरच्या लिलावात या शिंगरासाठी ९,१०० गिनी मोजल्या गेल्या. बोली लावणारा सल्लागार वेगळा. मालक तिसरे आगाखान, इंग्लिश टर्फवर नुकतेच उतरलेले. पुण्यात नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस ज्यांनी बांधवला, तेच हे.

१९२३ चा हंगाम म्हणजे या घोडीची खरी कारकीर्द. न्यूमार्केटच्या पहिल्याच धावेनंतर वर्तमानपत्रांनी तिला 'उडती घोडी' म्हणायला सुरुवात केली. रॉयल अ‍ॅस्कटला क्वीन मेरी स्टेक्स तिने दहा लांब्यांनी, म्हणजे दहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, मारली. मग सँडाउन, गुडवुड, डॉन्कास्टर. पाच धावा, पाच विजय. सहावी धाव केम्प्टनला, ओल्या जड जमिनीवर, पाठीवर जास्त वजन घेऊन. तिथे आर्केडने तिला अर्ध्या लांबीने गाठलं.

पुढच्या वर्षी तिला वन थाउजंड गिनीज या क्लासिकमध्ये उतरवलं. एक मैल. सुरुवातीपासून आघाडीवर राहून शेवटी ती प्लॅककडून हरली. अ‍ॅस्कटला पुन्हा मैलावर धावून पाचवी आली. तेव्हा कुठे पागेतल्या मंडळींनी मनाची समजूत घातली आणि तिला छोट्या अंतरावर परत आणलं. गुडवुडची किंग जॉर्ज स्टेक्स आणि यॉर्कची ननथॉर्प स्टेक्स जिंकून ती तिसऱ्या वर्षीच निवृत्त झाली. मैलाचा हट्ट चुकीचा होता असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्या काळी पाच फर्लांगांच्या राणीला पैसाही थोडा आणि मानही थोडा होता. ज्या घोडीने दहा लांब्यांनी शर्यत जिंकली तिला क्लासिकला न उतरवणं हेच नवल ठरलं असतं.

आता घोळाकडे.

लेडी जोसेफीनची आई अमेरिकस गर्ल. तिचा बाप अमेरिकस, जन्म कॅलिफोर्नियातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या राजकारणातल्या एका बड्या पुढाऱ्याने त्याला इंग्लंडात आणलं. अमेरिकसचा बाप एम्परर ऑफ नॉरफोक, त्याचा बाप नॉरफोक, आणि नॉरफोकचा बाप लेक्सिंग्टन. अमेरिकेत लेक्सिंग्टन तब्बल सोळा वेळा वर्षाचा अव्वल सायर, म्हणजे ज्याच्या पिल्लांनी सर्वांत जास्त कमावलं असा बाप-घोडा, ठरला. एवढा मोठा घोडा, पण त्याच्या पूर्वजांपैकी काहींचा माग इंग्लंडच्या जनरल स्टड बुक या थरोब्रेडच्या नोंदवहीपर्यंत पोचत नव्हता. पुढे यादवी युद्धात तिकडची कागदपत्रं आणि घोडे दोन्ही विस्कटले, आणि अमेरिकेची स्वतःची नोंदवही निघाली ती १८६८ मध्ये. इंग्लंडची नोंदवही तोवर पाऊणशे वर्षं चालत आली होती.

हे कुणाला फारसं सलत नव्हतं, जोवर अमेरिकन घोडे थोडे येत होते. १९०८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सट्ट्यावर बंदी आणली. १९११ आणि १९१२ मध्ये तिथले रेसकोर्स बंदच पडले. बेकार झालेले घोडे बोटींत भरून शेकड्यांनी युरोपात येऊ लागले. इंग्लंडातल्या स्टडवाल्यांची झोप उडाली, आणि १९१३ साली जनरल स्टड बुकच्या बाविसाव्या खंडासाठी नवी अट आली: ज्या घोड्याची वंशावळ आईकडून आणि बापाकडून, कुठेही सांधा न तुटता, आधीच्या खंडांत दाखल झालेल्या घोड्यांपर्यंत पोचते, तोच यापुढे आत. बाकीचे 'हाफ-ब्रेड'.

याला जर्सी अ‍ॅक्ट म्हणतात, आणि इथूनच शब्दांचा गोंधळ सुरू होतो. हा अ‍ॅक्ट नव्हेच. संसदेने तो कधी केला नाही. तो एका खाजगी नोंदवहीचा नियम होता आणि नाव पडलं ते ठराव मांडणाऱ्या उमरावाच्या किताबावरून. 'हाफ-ब्रेड' हा शब्दही फसवा. त्यात अर्धं काही नाही. शेकडो पूर्वजांतला एक जरी कागदावर सापडला नाही तरी घोडा हाफ-ब्रेड. शर्यतीत धावायला त्याला आडकाठी नव्हती, तो डर्बीही जिंकू शकत होता. नियम लागू झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९१४ मध्ये, फ्रान्सहून आलेल्या दरबारने ती जिंकलीही. फक्त स्टडवर गेल्यावर त्याची पिल्लं नोंदवहीच्या बाहेर, म्हणजे बाजारात कवडीमोल. रक्षण रक्ताचं होत होतं की भावाचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

आणि सगळ्यात मोठी मेख 'आधीच्या खंडांत दाखल झालेल्या' या शब्दांत. अमेरिकसची नोंद १९१३ च्या आधीच झालेली होती. म्हणून तो आत, त्याची मुलगी आत, नात आत, आणि पणती मुमताज महलही आत, ती 'शुद्ध'. तिच्या सहाव्या पिढीतल्या चौसष्ट पूर्वजांत लेक्सिंग्टन बसलेला आहे, पण दार लागण्याआधी त्याचा वंशज आत शिरला होता. तोच लेक्सिंग्टन दरबारच्याही वंशावळीत आहे: दरबारची आजी हॅनोवरची मुलगी, हॅनोवर हिंदूचा मुलगा, आणि हिंदूची आई लेक्सिंग्टनची. एका घराण्याला राजवस्त्रं, दुसऱ्याला दाराबाहेरचा बाक. घोडा तोच, तारखा वेगळ्या.

फ्रान्समध्ये मात्र या नियमाची पर्वा कुणी केली नाही. दरबारची नात-पतवंडं तिथे जोमाने वाढली: टूर्बियों हा दरबारच्या मुलीचा मुलगा, आणि जबेल हा टूर्बियोंचा. जबेलने १९४० मध्ये टू थाउजंड गिनीज मारली आणि १९४२ मध्ये आर्क, फ्रान्सची सर्वांत मानाची शर्यत. सहा वर्षांनी, १९४८ मध्ये, त्याच्या माय बाबू या मुलाने टू थाउजंड गिनीज जिंकली. मालक बडोद्याचे महाराज. गायकवाडांच्या रंगांत धावलेला हा घोडा इंग्लंडच्या नोंदवहीनुसार थरोब्रेड नव्हता! त्याच वर्षी सेंट लेजर जिंकणारा ब्लॅक टार्क्विनही नव्हता. एका वर्षात दोन क्लासिक 'अशुद्ध' घोड्यांनी नेल्यावर नियम टिकवणं हास्यास्पद झालं. १९४९ मध्ये तो सैल केला: आठ-नऊ पिढ्यांचा निर्वेध संकर, किमान शतकभराची नोंद, आणि जवळच्या नातलगांची शर्यतीतली कामगिरी, एवढं दाखवलं की प्रवेश.

आता गंमत बघा. माय बाबूची आई परफ्यूम. परफ्यूमचा बाप बद्रुद्दीन. बद्रुद्दीन हा मुमताज महलचा मुलगा. म्हणजे ज्या घोड्याने या नियमाला अखेरचा धक्का दिला तो हिचाच पणतू. त्याच्या आईच्या बाजूने आलेलं लेक्सिंग्टनचं रक्त शुद्ध होतं, आणि बापाच्या बाजूने आलेलं लेक्सिंग्टनचंच रक्त अशुद्ध. 'शुद्ध' या शब्दाची याहून वाईट अवस्था मी तरी कुठे पाहिलेली नाही.

ब्रूडमेअर, म्हणजे पैदाशीची घोडी, म्हणून मुमताज महलची कहाणी आता सरळ वाटते, पण तिच्या हयातीत ती बरीच उशिरा उलगडली. मालकाच्या फ्रान्समधल्या स्टडवर ती राहिली. मुलांत मिर्झा हा वेगवान निघाला, पण नाव राखलं ते मुलींनी, तेही स्वतः धावून नव्हे. मह महल, मुमताज बेगम आणि रुस्तम महल या तिघी. रुस्तम महल तर शर्यतीत उतरलीच नाही. मह महलचा मुलगा महमूद. त्याचा दम डर्बीच्या अंतराला पुरेल का याबद्दल १९३६ मध्ये शंका होत्या. त्याने टणक जमिनीवर डर्बी २ मिनिटं ३३.८ सेकंदांत संपवली आणि ती वेळ १९९५ पर्यंत मोडली गेली नाही. त्याआधी महिनाभर टू थाउजंड गिनीजमध्ये तो निसटत्या फरकाने दुसरा आला होता. रुस्तम महलचा मुलगा अबरनंट १९४९ च्या टू थाउजंड गिनीजमध्ये फोटो-फिनिशमध्ये निंबसकडून हरला. आजीसारखाच मैलावर कमी पडला आणि आजीसारखाच ननथॉर्प जिंकला, तोही दोनदा. या घराण्याचं गिनीजशी काहीतरी वैर असावं असं वाटेपर्यंत माय बाबू आला होता हे खरं, पण तो परक्याच्या पागेतला.

मुमताज बेगमचा मुलगा नसरुल्ला. लहरी, सुटायच्या वेळी हटून बसणारा, मूडमध्ये असला तर कुणाला न आवरणारा. १९४३ च्या युद्धकालीन डर्बीत तो तिसरा आला. मालकाने त्याला विकलं. तो आधी आयर्लंडमध्ये आणि १९५० मध्ये केंटकीत गेला. महमूद तर १९४० मध्येच २०,००० पौंडांना अमेरिकेला रवाना झाला होता. या विक्रींबद्दल इंग्लंडात बरंच कुरकुरलं गेलं, आणि माझ्या मते रास्तच. नसरुल्ला अमेरिकेत पाच वेळा अव्वल सायर ठरला. त्याचा मुलगा बोल्ड रूलर आठ वेळा. आणि बोल्ड रूलरचा मुलगा सेक्रेटेरियट, ज्याने १९७३ मध्ये बेलमाँट स्टेक्स एकतीस लांब्यांनी जिंकली. महमूदची मुलगी अलमहमूद ही नॉर्दर्न डान्सरची आजी, आणि हेलोचीही आजी. हेलो बापाकडूनही याच घराण्याचा, कारण त्याचा पणजोबा, म्हणजे आजोबाचा बाप, रॉयल चार्जर हा मुमताज बेगमच्या मुलीचाच मुलगा. त्या हेलोचा मुलगा संडे सायलेन्स जपानला गेला आणि तिथलं सगळं ब्रीडिंगच बदलून बसला. लेक्सिंग्टनचं रक्त, जे इंग्लंडने नाक मुरडून घेतलं, ते असं सव्याज अमेरिकेला परत मिळालं.

मुमताज महल १९४५ मध्ये फ्रान्समध्येच मेली. जर्मन अंमलाची चार वर्षं तिने तिथेच काढली. नसरुल्लाची पिल्लं धावलेली तिच्या वाट्याला आली नाहीत.

जे पागेतच ठेवलं गेलं तेही काही कमी नव्हतं. मह महलची मुलगी मह इराण, तिचा मुलगा मिगोली, १९४८ च्या आर्कचा विजेता. मह इराणचीच नात पेतीत एत्वाल, राखाडी, १९५९ मध्ये वन थाउजंड गिनीज आणि ओक्स जिंकणारी. खापरपणजीला हुलकावणी दिलेली शर्यत त्याच घराण्याकडे आली ती तेव्हा. दुसरीकडे मुमताज बेगमच्या मुलीच्या फांदीवर शेरगर. १९८१ ची डर्बी दहा लांब्यांनी, आणि १९८३ मध्ये आयर्लंडच्या स्टडवरून त्याचं अपहरण. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की इथे थांबतो.

पेतीत एत्वाल ब्रूडमेअर म्हणून फसली असंच बरीच वर्षं धरलं जात होतं. उतारवयात तिला एकच मुलगी झाली, झहरा. झहराची झरना, तिची झरकाना, तिची झरकाशा, आणि तिची झरकावा. २००८ मध्ये झरकावाने आर्क जिंकली तेव्हा ती त्याच मालकाच्या नातवाच्या रंगांत धावत होती. ती सात शर्यती धावली आणि सातही जिंकून स्टडवर गेली, द टेट्रार्कइतक्याच. फक्त हिच्या शेवटच्या दोन्ही शर्यती २,४०० मीटरच्या होत्या.