क्षयरोग आणि दारिद्र्य

दारिद्र्य आणि सार्वजनिक आरोग्य यांचा संबंध विकसनशील देशांत ज्या रोगांतून ठळकपणे दिसतो, त्यांत क्षयरोग (टीबी) अग्रभागी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना हा रोग झाला. त्यांपैकी सुमारे २६ टक्के भारतातील होते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या रोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला. तथापि जंतुसंसर्ग झालेल्या बहुसंख्य व्यक्तींना रोग कधीच होत नाही. कोणाला होतो, हे ठरण्यात अपुऱ्या आहाराचा वाटा मोठा आहे.

चरकसंहितेत राजयक्ष्मा या शरीर झिजवणाऱ्या रोगाच्या चार कारणांत साहस, म्हणजे शक्तीबाहेरचे श्रम, आणि विषमाशन, म्हणजे अवेळी व कमीअधिक खाणे, यांचा समावेश आहे. ग्रंथाचे आजचे स्वरूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील असावे. राजयक्ष्मा म्हणजे आजचा क्षयरोगच, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही.

इंग्लंड व वेल्समध्ये क्षयरोगाचे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घटत गेले. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचे पहिले प्रभावी औषध १९४० नंतरच्या दशकात आले, तोवर बरीचशी घट होऊन गेली होती. या घटीचे श्रेय ब्रिटिश वैद्यक-अभ्यासक टॉमस मॅकक्यून यांनी मुख्यतः सुधारलेल्या आहाराला दिले. इतिहासकार सायमन श्रेटर यांनी १९८८ मध्ये नगरपालिकांच्या आरोग्यविषयक कामांकडे लक्ष वेधले, तर त्यापूर्वीच ब्रिटिश आरोग्य अधिकारी आर्थर न्यूजहोम यांनी गरीब रुग्णांचे रुग्णालयांत झालेले विलगीकरण महत्त्वाचे मानले होते. मॅकक्यून यांचा मूळ दावा आज फारसा कोणी जसाच्या तसा स्वीकारत नाही. पण आहाराचा मुद्दा निकालात निघाला, असेही नाही.

या वादाला भारतात वेगळे वळण मिळाले. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात गरीब वस्त्यांतील रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात (क्षयरुग्णांच्या सॅनेटोरियममध्ये) ठेवले, तर काहींना तीच औषधे घरी दिली. आरोग्यधामातील आहार सकस होता आणि तेथील रुग्णांचे वजनही अधिक वाढले. तरीही घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले. आरोग्यधामांची सक्ती संपली, हा गरिबांचा मोठाच लाभ. मात्र औषधे असतील तर आहार गौण, असाही अर्थ त्यातून काढला गेला. अभ्यास बरे होण्याविषयीचा होता. निरोगी माणसाला रोग होऊ नये यासाठी काय लागते, हा प्रश्न त्यात नव्हता.

तो प्रश्न झारखंडमधील ‘रेशन्स’ चाचणीने घेतला (निष्कर्ष २०२३). रुग्णांच्या घरातील दहा हजारांवर व्यक्तींचा तीत समावेश होता. एका गटातील प्रौढांना माणशी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि सूक्ष्मपोषकांच्या गोळ्या मिळाल्या; दुसऱ्या गटातील घरांत शिधा फक्त रुग्णाला दिला गेला. पहिल्या गटात नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. डाळ-तांदळाच्या या पोत्याएवढा थेट पुरावा इंग्लंडच्या मृत्युनोंदींतून निघणे अवघडच होते.

निवाऱ्याबाबतची माहिती त्या मानाने विखुरलेली आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या पुनर्वसन इमारतींच्या २०१८ मधील पाहणीत ऊन-वारा न पोहोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर रुग्ण अधिक आढळले.

रोग उलट दारिद्र्यही वाढवतो. औषधे मोफत असली तरी खाडे पडतात, रोजंदारी बुडते, निदान होईपर्यंत खासगी दवाखान्यांत पैसे जातात. आजारापायी होणारा एकूण खर्च व बुडालेली मिळकत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या २० टक्क्यांवर गेल्यास जागतिक आरोग्य संघटना त्याला आपत्तिजनक खर्च मानते. जगातील सुमारे निम्मी क्षयग्रस्त कुटुंबे या मर्यादेपलीकडे जातात. भारतात एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा ५०० रुपये जमा होऊ लागले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. घरातील इतरांना मात्र रोख रक्कम मिळत नाही. २०२४ पासून त्यांच्यासाठीही शिध्याची तरतूद झाली, ती ‘निक्षय मित्र’ म्हणवणाऱ्या देणगीदारांमार्फत.