मॅनेज्ड कोड : विविध ऑपरेटिंग सिस्टीमवरील वापर

रनटाइमच्या, म्हणजे प्रोग्रॅम चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, देखरेखीखाली चालणाऱ्या प्रोग्रॅमला मॅनेज्ड कोड म्हणतात. सी शार्प किंवा जावा या प्रोग्रॅमिंग भाषांचा कंपाइलर (भाषांतर करणारा प्रोग्रॅम) सोर्स कोडचे, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मजकुराचे, रूपांतर बाइटकोडसारख्या मधल्या भाषेत करतो. प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना त्यातून बहुधा प्रोग्रॅम चालू असतानाच तयार होतात. मेमरीची साफसफाईही रनटाइमच करतो. त्यामुळे ज्या सिस्टीमसाठी सुसंगत रनटाइम आहे, तिथे तीच फाइल पुन्हा कंपाइल न करता चालू शकते.

जावाचा १९९६ पासून हाच दावा होता. सी शार्पचे प्रोग्रॅम चालवणारे मायक्रोसॉफ्टचे डॉटनेट फ्रेमवर्क २००२ मध्ये आले ते विंडोजपुरते. पण त्याच्या गाभ्याचे मानक एक्मा या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २००१ मध्येच मंजूर केले होते. त्या मानकाच्या आधारे प्रोग्रॅमर मिगेल दे इकाझा आणि सहकाऱ्यांनी मोनो हा मुक्तस्रोत रनटाइम उभा केला. त्याची १.० आवृत्ती २००४ ची. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘मोनो’ लिहून पुढे विंडोजवर तयार झालेल्या ईएक्सई फाइलचे नाव दिले, की ती चालू लागे. मायक्रोसॉफ्टने स्वतः विंडोज, लिनक्स आणि मॅकओएससाठी डॉटनेट कोअर आणले ते २०१६ मध्ये. मोनोने ही वाट बारा वर्षे आधीच चालून दाखवली होती, हे विसरता येत नाही.

अडचणी बहुतेक वेळा मधल्या भाषेत नसतात. प्रोग्रॅम रनटाइमच्या बाहेर हात घालतो, तिथे त्या उभ्या राहतात. कोडमध्ये फोल्डर आणि फाइल यांच्यामध्ये विंडोजची उलटी तिरपी रेघ (\) थेट लिहिली असेल, तर लिनक्स त्या रेघेला फाइलच्या नावाचाच भाग समजते आणि फाइल सापडत नाही. नावातील लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक विंडोज सहसा मनावर घेत नाही, लिनक्स घेते. अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी मोनोने या दोन्ही बाबतींत सवलत देणारे एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमच्या बाहेरून ठरवता येणारी सेटिंग) ठेवले होते. तरी मार्ग जोडण्यासाठी लायब्ररीतील तयार फंक्शन वापरणे, हाच खरा उपाय.

विंडोजच्या डीएलएलमधील (तयार फंक्शनांच्या फाइलमधील) फंक्शन थेट बोलावणारा कोड मात्र असा सहज सुटत नाही. त्याला प्रत्येक सिस्टीमवर वेगळा पर्याय द्यावा लागतो. खिडक्या-बटणांचेही तसेच. मोनोने विंडोज फॉर्म्स हे खिडक्या-बटणे बनवण्याचे डॉटनेटचे साधन नव्याने लिहिले होते, तर आजच्या डॉटनेटमध्ये ते फक्त विंडोजवरच चालते. आयफोनवर सामान्य ॲपना चालू असताना यंत्रसूचना तयार करण्याची मुभा नाही. म्हणून तिथे मॅनेज्ड कोड आधीच कंपाइल करून पाठवतात.