हाडं, सूज आणि ताट: या तिघांची गाठ पडली कशी

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून फॉरवर्ड येतंच, साखर सोडा, हळद-दूध घ्या, अंगातलं इन्फ्लमेशन म्हणजे सूज जाईल आणि म्हातारपणी हाडं मोडणार नाहीत. यातलं निम्मं खरं आहे, पण कुठलं निम्मं ते कळायला जरा मागे जावं लागतं.

1941 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या फुलर अल्ब्राइटने हाडं ठिसूळ होऊन मणके दबलेल्या 42 पेशंटची माहिती छापली, सगळे पासष्टीच्या आतले, आणि त्यातल्या 40 जणी पाळी गेलेल्या बायका. त्याने बोट ठेवलं इस्ट्रोजेनवर, म्हणजे पाळी गेली की कमी होणाऱ्या बायकांच्या हार्मोनवर. ते बरोबरच होतं, फक्त त्याला वाटलेलं की इस्ट्रोजेन गेलं की हाड बांधणाऱ्या पेशी ढिल्या पडतात. हाड पोखरणाऱ्या पेशींना कोण चेकाळवतं हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारलाच नाही, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं सगळा भर कॅल्शियमच्या जमाखर्चावर, पोटात किती गेलं आणि लघवीतून किती गेलं. मग 1968 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात एक थिअरी आली की मांसाहाराने रक्तात आम्ल वाढतं आणि ते मारायला शरीर हाडातला क्षार काढून वापरतं. ही थिअरी पुढे काही टिकली नाही, पण प्रोटीन हाडाला वाईट हा समज मात्र चिकटला तो चिकटलाच.

सुजेचा धागा सापडला तो भलतीकडेच, दातांच्या डॉक्टरांकडे. हिरड्या सुजल्या की खालचं जबड्याचं हाड झिजतं आणि दात हलायला लागतात हे त्यांना रोज दिसत होतं, म्हणून 1972 मध्ये अमेरिकेत हॉर्टन, रेझ आणि मंडळींनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घेतल्या, त्यांना दातांवर साठणाऱ्या किटणातला माल घालून काही दिवस वाढवलं, मग पेशी काढून टाकून नुसतं ते पाणी उंदराच्या गर्भातल्या हाडाच्या तुकड्यांवर घातलं, आणि हाडातून कॅल्शियम बाहेर पडायला लागलं! म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशीच असं काहीतरी सोडत होत्या की जे हाड खातं. ते ‘काहीतरी’ मुख्यतः इंटरल्युकिन-1, म्हणजे सूज पेटवणारं एक प्रोटीन, आहे हे कळायला 1985 उजाडलं.

1992 मध्ये अल्ब्राइटचं कोडंही याच वाटेने थोडं सुटलं. उंदरांच्या माद्यांची बीजकोषं काढली, म्हणजे इस्ट्रोजेन तोडलं, की हाड खाणाऱ्या पेशी वाढतात, पण त्याच जातीच्या इंटरल्युकिन-6 ला अडवणारी अँटिबॉडी दिली की वाढत नाहीत. मग 1997-98 ला त्या पेशींचं मेन बटणच सापडलं, रँकएल नावाचं प्रोटीन, तेही दोन ठिकाणी: अमेरिकेत अ‍ॅमजेन या औषध कंपनीमध्ये आणि जपानात स्नो ब्रँड या चक्क दूध विकणाऱ्या कंपनीच्या लॅबमध्ये. हाडं ठिसूळ होण्यावरचं, 2010 मध्ये मंजूर झालेलं डेनोसुमॅबचं इंजेक्शन हेच बटण बंद करतं. 2000 च्या सुमारास इटलीतल्या क्लाउदिओ फ्रांचेस्की या संशोधकाने मांडलं की वय वाढेल तशी अंगात बारीक, न दिसणारी सूज कायमच धुमसत राहते. तोपर्यंत हाडवाल्यांकडे यंत्रणा तयारच होती, त्यामुळे गाठ लगेच बसली.

एवढं पक्कं. ताट यात आलं ते सगळ्यात उशिरा, आणि इथून पुढे जमीन जरा भुसभुशीत आहे. 2014 मध्ये साउथ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 1,900 वर पेपर चाळून खाण्यातल्या 45 गोष्टींना सूज वाढवणारी की कमी करणारी असे मार्क दिले. लसूण, आलं, कांदा, मिरी, चहा सगळं आहे त्यात, आणि हळदीला तर दणदणीत मार्क. पण ते देताना पेशींवरचे आणि प्राण्यांवरचे प्रयोगही धरलेत हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत. आणि कॅल्शियम त्या यादीत नाहीच.

हे मार्क वापरून 2017 मध्ये अमेरिकेतल्या दीड लाखावर बायकांचा डेटा तपासला गेला. कमी सूज करणारं खाणाऱ्यांचं खुब्याचं हाड सहा वर्षांत कमी झिजलं, पण खुबा मोडायचा धोका जास्त दिसला तो सूज वाढवणारं खाणाऱ्या त्रेसष्टीच्या आतल्या गोऱ्या बायकांमध्येच, सगळ्यांत नाही. पुढच्याच वर्षी फ्रांचेस्कीच्याच पुढाकाराने झालेल्या न्यू-एज ट्रायलचा निकाल आला. युरोपातल्या पाच देशांत 65 ते 79 वयाच्या हजारावर लोकांपैकी एका गटाला वर्षभर भूमध्य समुद्राकडचं जेवण आणि जोडीला व्हिटॅमिन डी. फायदा दिसला तो आधीच हाडं ठिसूळ झालेल्यांना, तोही मांडीच्या हाडाच्या मानेपाशी, बाकीच्यांना विशेष नाही.

मोडतोड खरंच कमी झाली ती 2021 च्या ऑस्ट्रेलियातल्या ट्रायलमध्ये, आणि तिचा रोख सुजेवर नव्हताच. 60 वृद्धाश्रम, 7,195 म्हातारी माणसं, अर्ध्या ठिकाणी दोन वर्षं जास्तीचं दूध, दही, चीज. एकूण फ्रॅक्चर 33 टक्क्यांनी कमी, खुब्याची 46 टक्क्यांनी. त्या लोकांना व्हिटॅमिन डी आधीच पुरेसं मिळत होतं, कमी पडत होतं ते कॅल्शियम आणि तेच बदनाम झालेलं प्रोटीन. आपल्याकडच्या बऱ्याच आजी-आजोबांना तर तिन्ही कमी पडतं, संध्याकाळी कपभर चहात दोन बिस्किटं बुडवून जेवण झालं म्हणणाऱ्यांचं काय सांगायचं.