विमानातला दोन आणे वाटा

सामाईक विहिरीत कुणाचा चार आणे वाटा, कुणाचा दोन आणे आणि पाण्याची पाळी कुठल्या वारी, हे करवीर तालुक्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. छोटं विमान भागीत घेऊन उडायला शिकायची रीतही याच हिशेबाची, आणि ती शंभर वर्षं जुनी आहे.

१९२५ साली ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाने हलक्या विमानांच्या क्लबांना अनुदान द्यायला सुरुवात केली. त्याच फेब्रुवारीत डी हॅविलंडचं ‘मॉथ’ पहिल्यांदा उडालं. लाकडी सांगाडा, दोन माणसांची जागा आणि पंख मागे दुमडले की साध्या शेडमध्ये मावेल एवढा आकार. त्याचं ६० अश्वशक्तीचं सिरस इंजिन तर महायुद्धातून उरलेल्या रेनॉच्या आठ सिलिंडरी इंजिनाचे सुटे भाग वापरून, चारच सिलिंडर ठेवून बनवलेलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही कारखानदाराला ही अक्कल पटावी. विमान क्लबचं, सभासदाने तासाचे पैसे भरायचे, तूट सरकारने सोसायची, असा तो मामला.

१९२८ मध्ये दिल्ली आणि मुंबईत असेच क्लब निघाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना इथला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईच्या क्लबात शिकूनच. कोल्हापुरात राजाराम महाराजांनी उजळाईवाडीचा विमानतळ १९३९ मध्ये सुरू केला. स्वातंत्र्यानंतर क्लबांसाठी बंगळुरूच्या हिंदुस्तान कारखान्याने ‘पुष्पक’ बनवलं. ९० अश्वशक्तीचं हे विमान १९५८ साली पहिल्यांदा उडालं. पुढे शिक्षणाचा भार क्लबांकडून मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थांकडे सरकत गेला आणि तासाची पूर्ण किंमत विद्यार्थ्याच्या माथी आली. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने अशा संस्थांना जागा दिलेल्या पाच विमानतळांत बेळगाव आहे, कोल्हापूरकराला त्यातल्या त्यात जवळचं.

व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, त्यातले १०० ‘पायलट इन कमांड’, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला वैमानिक म्हणून. मग चौघांनी मिळून विमानच का घेऊ नये? इथे पहिली ठेच लागते ती कायद्याची. खासगी वर्गातलं विमान भाड्याने देता येत नाही आणि परवान्यासाठीचं शिक्षण मान्यताप्राप्त संस्थेतच घ्यावं लागतं. ब्रिटनमध्ये भागीदारी रुळली, कारण तिथले नियमच तिला धरून आहेत: जास्तीत जास्त २० मालक, प्रत्येकाचा वाटा किमान ५ टक्के.

भागीने स्वस्त होतो तो फक्त स्थिर खर्च. समजा हँगर (विमान ठेवायची शेड), विमा, वार्षिक तपासणी मिळून वर्षाला १२ लाख आणि उडण्याचा खर्च तासाला ७ हजार. एकटा मालक वर्षात ५० तास उडाला तर तास ३१ हजारांना पडतो. आठ जण प्रत्येकी ५० तास उडाले तर १० हजारांना. सात हजार मात्र कुणालाच चुकत नाहीत. शिकाऊंचं दोन आसनी सेसना १५२ ताशी साधारण २३ लिटर ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, पितंच, मालक एक असो की आठ. शिवाय वर्षाला ४०० तास म्हणजे इंजिनाचे २,४०० तास सहा वर्षांत संपणार. मग ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्याने जुळवणं आलं; त्याला २५ लाख धरले तर प्रत्येक तासामागे हजारभर रुपये पहिल्या दिवसापासून बाजूला टाकायला हवेत. भागीदाऱ्या मोडतात त्या बहुतेक याच ठिकाणी. सहाव्या वर्षी खातं रिकामं असतं आणि ज्यांनी तास वापरले त्यातले तिघे वाटा विकून मोकळे झालेले असतात.

उलट कमी उडवलं तर इंजिन वेगळ्या वाटेने जातं. सेसनातल्या लायकॉमिंग इंजिनात कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून जातं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तिथे गंज धरतो. मग कॅमशाफ्टला टेकणारे टॅपेट घासतात, आणि ५० तासांनी तेलाचा फिल्टर कापून उघडला की त्याच्या कागदाच्या घड्यांमध्ये लोखंडाचा चुरा दिसतो. जमिनीवरच दहा मिनिटं इंजिन फिरवून ठेवणं हा उपाय नव्हे. तेल पुरतं तापत नाही, त्यातलं पाणी उडत नाही, उलट भर पडते.

तास मोजणाऱ्या मीटरवरूनही भांडणं होतात. हॉब्स मीटर बहुधा तेलाच्या दाबावर चालतं, म्हणजे इंजिन सुरू असेपर्यंत घड्याळासारखं पळतं. टॅको (टॅकोमीटर) इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, म्हणून टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चाकांवर चालताना, आणि कमी फेऱ्यांवर तो मागे पडतो. लँडिंगचा सराव करणारा टॅकोवर फायद्यात राहतो, पण ब्रेक आणि टायर तोच जास्त झिजवतो. पैसे कशावर घ्यायचे हे करारातच लिहावं.

आणि सगळ्यात महाग पडतं ते भागीदारांना न सांगितलेलं आदळतं लँडिंग. नाकाच्या चाकावर आदळलेल्या सेसनात फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, पत्र्याला खालच्या बाजूने सुरकुती पडते. ती काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढल्याशिवाय नीट दिसत नाही. विहिरीची मोटर जळली की शेवटची पाळी कुणाची होती ते तरी कळतं. इथे पुढच्या तपासणीपर्यंत आठही जण उडून गेलेले असतात.