ल्यूबेन दिलोव आणि रोबॉटचा चौथा नियम

दरवर्षी डिसेंबर उजाडला की मराठी वाहिन्या आणि व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप बाबा वेंगाच्या भाकितांनी भरून जातात. बल्गेरियातल्या या अंध बाई १९९६ साली वारल्या. त्यांनी स्वतः भाकितांचं एकही पुस्तक लिहिलेलं नाही. त्यांच्या नावावर जे फिरतं ते इतरांनी सांगितलेलं असतं, आणि बहुतेक वेळा घटना घडून गेल्यावर. त्याच देशात, त्याच काळात, एका लेखकानं एक वाक्य छापून ठेवलं. त्याचं साल, पुस्तक, शब्द सगळं तपासता येतं, आणि त्यातला आशय आज युरोपच्या कायद्यात आहे. त्या लेखकाचं नाव ल्यूबेन दिलोव. ते आपल्याकडे माहीत नसावं याची मला फार खंत वाटते.

ते वाक्य आहे १९७४ च्या ‘इकारसचा मार्ग’ या कादंबरीतलं: रोबॉटनं प्रत्येक प्रसंगी आपण रोबॉट असल्याचं उघड केलं पाहिजे.

दिलोव यांचा जन्म २५ डिसेंबर १९२७ चा, उत्तर बल्गेरियातल्या चेर्वेन ब्र्याग या गावचा. सोफिया विद्यापीठात त्यांनी बल्गेरियन भाषा-साहित्याचा अभ्यास केला. पहिली विज्ञान कादंबरी ‘अणुमानव’ १९५८ ची, मग १९६९ ची ‘स्पेससूटचं ओझं’, आणि पुढे मुलांची लाडकी नुमी-निकीची अंतराळसाहसं. एकूण पुस्तकं पस्तिसाच्या वर. १० जून २००८ रोजी ते वारले. रॉकेटं आणि परग्रहवासी त्यांच्याकडे आहेतच, पण खरा जीव त्यांनी ओतला तो माणूस आणि त्यानं बनवलेली वस्तू यांच्यातल्या नात्यात.

‘इकारसचा मार्ग’मध्ये इकारस या लघुग्रहाला पोखरून माणसं त्याचंच जहाज करतात. या नावाचा लघुग्रह खरोखर आहे. वॉल्टर बाडे यांनी तो १९४९ साली पालोमार वेधशाळेतून शोधला. व्यास सव्वा-दीड किलोमीटर, आणि सूर्याजवळ येताना तो बुधाच्याही आत शिरतो. स्वतःभोवतीची एक फेरी तो सव्वादोन तासांत मारतो, म्हणजे सुटे दगड विषुववृत्तावरून उडून जातील त्या मर्यादेच्या अगदी अलीकडे. तो पोखरणं किती अवघड, यावर वेगळा लेख होईल. इथे मुद्दा त्या जहाजावरच्या समाजाचा आहे.

अमेरिकन विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव यांचे रोबॉटसाठीचे तीन नियम १९४२ पासून सर्वांना ठाऊक होते: माणसाला इजा करू नये, आज्ञा पाळावी, स्वतःला जपावं. दिलोव यांच्या लक्षात आलं की हे तिन्ही नियम एक गोष्ट गृहीत धरतात. समोरचं यंत्र आहे हे माणसाला आधीच कळलेलं आहे, अशी. वर दिलेलं वाक्य हा त्यांनी जोडलेला चौथा नियम. कादंबरीत त्यामागचं कारण फार व्यवहारी आहे. यंत्रांना हुबेहूब माणसाचं रूप द्यायचा अभियंत्यांचा खर्चिक नाद, आणि त्यातून होणारे गैरसमज, या नियमानं थांबवले. म्हणजे ओळख पटवायची जबाबदारी फसू शकणाऱ्या माणसावर नाही, बनवणाऱ्यावर आहे. याला भाकीत म्हणण्याचं काहीच कारण नाही. एक विचार शेवटपर्यंत नेला की तो इथेच पोचतो.

हे बल्गेरियातच सुचावं यातही नवल नाही. समाजवादी देशांच्या आपसांतल्या कामवाटपात संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा वाटा बल्गेरियाकडे आला होता. ‘प्रावेत्स’ संगणक तिथे तयार व्हायचे, आणि ‘प्रावेत्स-८२’ हा तर सरळसरळ अ‍ॅपल-२ चा भाऊ. १९८१ मध्ये दिलोव यांनी ‘हुकलेली संधी’ काढलं. त्याचं उपशीर्षक होतं ‘माझ्या संगणकाच्या लेखनातून’. कथा लिहून देणारा संगणक त्यांनी कल्पिला, आणि त्याच्या नावावर कथा घातल्या. आज हे वाचताना अंगावर काटा येतो.

आता कायदा. युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अमलात आला आणि त्यातली कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होतात. कलम ५० सांगतं की माणसाशी थेट बोलणारी प्रणाली अशी बनवावी की आपण यंत्राशी बोलतोय हे त्या माणसाला कळेल. परिस्थितीवरून ते उघडच असेल तर सूट आहे. शिवाय यंत्रानं तयार केलेल्या मजकुरावर, चित्रावर, आवाजावर दुसऱ्या यंत्राला वाचता येईल अशी खूण असावी. २००७ पासून बल्गेरिया या संघाचा सदस्य आहे, म्हणजे दिलोव यांचा नियम त्यांच्या गावातही लागू होणार.

चॅटबॉटच्या वर ‘मी यंत्र आहे’ अशी पाटी लावणं सोपं. पण मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की पाटी मागे राहते. ‘प्रत्येक प्रसंगी’ हे दिलोव यांचे शब्द पाळायचे तर ओळख मजकुराच्या आतच विणली पाहिजे. नोटेच्या कागदात वॉटरमार्क असतो तशी. पण मजकूर म्हणजे नुसती अक्षरं. त्यात कागद कुठून आणायचा? याचं एक सुंदर उत्तर २०२३ मध्ये मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी दिलं. ते नीट समजून घेण्याजोगं आहे.

चॅटबॉटच्या आतलं भाषेचं मॉडेल एका वेळी एक टोकन लिहितं. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा. दर पावलाला मॉडेल आपल्या साठ्यातल्या प्रत्येक टोकनाला गुण देतं, गुणांवरून संभाव्यता निघते, आणि त्या प्रमाणात चिठ्ठी काढून एक टोकन निवडलं जातं. वॉटरमार्क बसतो तो गुण आणि चिठ्ठी यांच्या मधल्या फटीत.

आधीचं टोकन घ्यायचं, त्याला एक गुप्त किल्ली, म्हणजे गुपित ठेवलेला आकडा, जोडायची आणि हॅश काढायचा, म्हणजे त्या दोघांपासून दर वेळी तोच निघेल असा एक आकडा बनवायचा. त्या आकड्यावरून यादृच्छिक संख्यांचं यंत्र सुरू करायचं आणि सगळा साठा, समजा ५०,००० टोकनं, दोन याद्यांत वाटायचा: २५,००० हिरवी, २५,००० लाल. हिरव्यांच्या गुणांत २ मिळवायचे आणि मग नेहमीसारखी चिठ्ठी काढायची. पुढच्या टोकनाला याद्या पुन्हा नव्यानं पडतात, कारण ‘आधीचं टोकन’ बदललेलं असतं.

उदाहरण घेऊ. ‘कोकणात यंदा’ यानंतर मॉडेलच्या मनात चार शब्द आहेत: भरपूर ४० टक्के, जोरदार ३०, मुसळधार २०, तुफान १०. किल्लीनं ‘जोरदार’ आणि ‘तुफान’ हिरव्या यादीत टाकले. गुणांत २ मिळवणं म्हणजे संभाव्यतेच्या वजनाला ई (गणितातली २.७१८ ही स्थिर संख्या) चा वर्ग, म्हणजे सुमारे ७.३९ नं गुणणं. ३० चे २२१.७ होतात, १० चे ७३.९, लाल दोन्ही तसेच राहतात, आणि एकूण बेरीज ३५५.६. आता टक्के काढा: जोरदार ६२, तुफान २१, भरपूर ११, मुसळधार ६. हिरव्यांचा वाटा ४० वरून ८३ टक्क्यांवर गेला, आणि वाचणाऱ्याला काही खटकलंही नाही. चारही शब्द तिथे शोभतातच.

पकडणं त्याहून सोपं, कारण त्यासाठी मॉडेल लागतच नाही. किल्ली आणि मजकूर हातात असला की दर टोकनाला याद्या पुन्हा पाडायच्या आणि हिरवी टोकनं मोजायची. माणसाला किल्ली ठाऊक नसते, त्यामुळे त्याच्या २०० टोकनांत सरासरी १०० हिरवी निघणार. हा आकडा सरासरीच्या आसपास साधारण किती हलतो ते सांगतं प्रमाण विचलन: २०० गुणिले अर्धा गुणिले अर्धा याचं वर्गमूळ, ७.०७. एखाद्या मजकुरात १४० हिरवी सापडली तर तो सरासरीपासून ४० भागिले ७.०७, म्हणजे ५.६६ विचलनं दूर आहे. निव्वळ योगायोगानं असं होण्याची शक्यता साधारण दहा कोटींत एक. इतकं स्पष्ट उत्तर ‘वाचून वाटतंय’ या पद्धतीत कधीच मिळत नाही.

बिघडतं कुठे? पहिली अडचण लांबीची. २५ टोकनांच्या निरोपात ७० टक्के हिरवी असली तरी विचलनं येतात फक्त २. असं योगायोगानं शंभरात दोनदा घडतंच. दुसरी अडचण अशी की जिथे पर्यायच नाही तिथे खूण बसत नाही. ‘भारताची राजधानी’ यानंतर ‘दिल्ली’ ९९ टक्के असेल आणि नेमकी लाल यादीत पडली, तरी वर केला तोच हिशेब केल्यावर ती ९३ टक्के उरते. पत्ते, सूत्रं, श्लोक, कायद्याची ठरीव भाषा यांत म्हणून वॉटरमार्क फिका असतो. मराठीला यात आणखी एक पेच आहे. आपला एक शब्द अनेकदा तीन-चार टोकनांत तुटतो, आणि पहिला तुकडा पडला की पुढचे जवळपास ठरलेलेच असतात. तेवढीच खात्री हवी असेल तर मराठीत मजकूर जास्त लागणार.

तिसरी अडचण फेरफाराची. दर चौथा शब्द बदलला तर तो स्वतः बिघडतो आणि त्याच्या पुढच्याचीही यादी बदलते. हिशेबापुरता एक शब्द म्हणजे एक टोकन धरू. म्हणजे दर चारांत दोन गेले. २०० पैकी उरलेल्या १०० मध्ये ७० हिरवी, बिघडलेल्या १०० मध्ये सरासरी ५०. बेरीज १२०, विचलनं २.८३. संशय उरतो, पुरावा राहत नाही. याद्या पाडायला एकाऐवजी आधीची चार टोकनं घेतली तर किल्ली चोरणं अवघड होतं, पण एक शब्द बदलला की पाच जागा बिघडतात. म्हणजे एक सांभाळावं तर दुसरं निसटतं. इंग्रजीत लिहून घेऊन मराठीत भाषांतर केलं तर खूण पुसलीच जाते, कारण टोकनंच नवी येतात. आणि मॉडेल कोणीही उतरवून घरच्या संगणकावर चालवू शकत असेल, तर गुण आणि चिठ्ठी यांच्यामधली फट त्याच्याच हातात असते. वॉटरमार्क काढायला एक ओळ खोडणं पुरतं. किल्ली फुटली तर उलटा धोका: माणसाच्या लेखनावर यंत्राची खूण मुद्दाम उमटवता येते.

गूगल डीपमाइंडनं याच घराण्यातली वेगळी पद्धत काढली. तिथे एकाऐवजी अनेक चिठ्ठ्या काढून त्या उमेदवार टोकनांची बाद फेरी लावतात. जवळपास दोन कोटी उत्तरांवर तिची चाचणी घेतली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ती छापली. उत्तरांचा दर्जा वापरणाऱ्यांना घसरलेला जाणवला नाही.

याउलट ‘कोणताही मजकूर द्या, एआयनं लिहिलाय का ते सांगतो’ म्हणणारी साधनं बाजारात जोरात विकली जातात. त्यांच्याकडे किल्ली नसते. शैलीवरून ती अंदाज बांधतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्यांच्याच आकड्यांनुसार ते यंत्राच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के नीट ओळखायचं आणि माणसाच्या ९ टक्के मजकुरावर खोटा आळ घ्यायचं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेचे ९१ निबंध, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे, सात साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्राचे ठरवले गेले. साधे शब्द, ठरावीक वाक्यं ही शिकून इंग्रजी लिहिणाऱ्याची लकब असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाच्या इंग्रजी निबंधाचं अशा साधनापुढे काय होईल ते या आकड्यात दिसतं. चौथ्या नियमाचं ओझं इथे पार उलटं झालं आहे. यंत्रानं आपली ओळख द्यायची, त्याऐवजी माणसानं आपण माणूस असल्याचं सिद्ध करायचं!

दिलोव यांच्यानंतर १९८३ मध्ये बल्गेरियन लेखक निकोला केसारोव्स्की यांनी पाचवा नियम मांडला: आपण रोबॉट आहोत हे रोबॉटला ठाऊक असलं पाहिजे. त्यांच्या कथेत मिठी मारल्यामुळे एकाचा जीव जातो. तपासात निघतं की मिठी मारणारा माणसासारखा दिसणारा रोबॉट होता, आणि आपण रोबॉट आहोत हे त्याला स्वतःलाच उमगलेलं नव्हतं. म्हणजे चौथा नियम पाळायला पाचवा आधी हवा. नियमांचं हे पेव इतकं फुटलं की १९८९ मध्ये ल्युबोमिर निकोलोव यांनी ‘रोबॉटिक्सचा एकशे एकावा नियम’ ही कथा लिहिली. त्यात नियम शिकून वैतागलेला रोबॉट नियम लिहिणाऱ्या लेखकालाच संपवतो.

पण केसारोव्स्की यांचा प्रश्न गमतीवारी नेण्यासारखा नाही. मे २०२३ मध्ये टेक्सासमधल्या एका प्राध्यापकानं विद्यार्थ्यांचे निबंध चॅटजीपीटीत टाकून ‘हे तू लिहिलंस का?’ असं विचारलं, आणि त्यानं हो म्हटल्यावर निकाल रोखून धरले. मॉडेलला आपण पूर्वी कोणाला काय लिहून दिलं याची नोंद दिसत नाही. समोरच्या प्रश्नाला शोभेल असा पुढचा शब्द ते काढतं. प्रश्नात आरोप असेल तर ‘हो’ची संभाव्यता वाढते, एवढंच. वॉटरमार्क असता तरी मॉडेलला तो दिसला नसता, कारण याद्या आणि किल्ली मॉडेलच्या बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये असतात. आज चौथा नियम पाळला जातो तो पाचव्याला पूर्ण वगळून.

म्हणून शिक्षकांनी आणि संपादकांनी चॅटबॉटलाच साक्षीला बोलावू नये. किल्लीवर चालणारी तपासणी उपलब्ध असेल तर निदान दोनशे टोकनांचा सलग मजकूर तिला द्यावा आणि विचलनांचा आकडा मागून घ्यावा. ‘वॉटरमार्क सापडला नाही’ याचा अर्थ ‘माणसानं लिहिलं’ असा होत नाही. तो भाषांतरात गेला असेल, किंवा मुळात घातलाच नसेल. संशय असेल तिथे लिहिणाऱ्याकडून कच्चा खर्डा मागवा आणि त्यातल्या एखाद्या परिच्छेदावर त्याच्याशी दहा मिनिटं बोला.