जुना मॉनिटर नव्याशेजारी लावताना

नवा २४ इंची मॉनिटर घेतला की जुना साडेअठरा इंची विकून हाती फारसे काही येत नाही. म्हणून आमचे बरेच ग्राहक तो शेजारीच ठेवतात. एकीकडे टॅली, दुसरीकडे जीएसटीचे पोर्टल नाहीतर बँकेचे स्टेटमेंट. जिनिंगचे ऑफिस असो, केळीच्या गाड्यांचा हिशेब असो की लग्नपत्रिकांचे डीटीपी, दोन स्क्रीनची सोय एकदा लागली की सुटत नाही. पण मग आम्हाला फोन येतो, ‘अक्षर पुसट दिसतंय, मॉनिटर बदलून द्या.’ मॉनिटर बहुतेक वेळा चांगलाच असतो. सेटिंग तेवढी राहिलेली असते.

दोन्ही स्क्रीन सारख्या करायला जाऊ नका

जुन्या मॉनिटरवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात, नव्यावर १९२० आणि १०८०. हे ठिपके काचेमागे कायमचे बसवलेले असतात, कमी-जास्त होत नाहीत. दोन्हीकडे सारखे दिसावे म्हणून नवा मॉनिटर १३६६ वर आणला, तर एका ठिपक्याचे चित्र जवळजवळ दीड ठिपक्यात ताणावे लागते आणि कडा फिसकटतात. इंग्रजी आकडे तरी वाचता येतात. मराठीत अनुस्वार, रफार आणि वेलांट्या आधी जातात.

म्हणून डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा आणि प्रत्येक मॉनिटरला ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिले असेल तेच रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, द्या. अक्षर बारीक वाटले तर तिथलेच ‘स्केल’ १२५ टक्के करा. रिझोल्यूशनला हात लावू नका. स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या. एखादे जुने सॉफ्टवेअर तरीही धूसर दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कॉम्पॅटिबिलिटीखाली उपाय आहे, तो आम्ही फोनवर सांगू.

विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’मध्ये दोन्हीकडे एकच चित्र येते, म्हणजे कुठल्या तरी एका मॉनिटरला दुसऱ्याच्या मापात बसावे लागते. काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला डिझाइन दाखवायचे असेल तेवढ्यापुरते ते ठीक.

माऊस मध्येच अडकतो तो का?

सेटिंग्जमध्ये १ आणि २ आकड्यांचे दोन चौकोन दिसतात. कोणता चौकोन कोणत्या मॉनिटरचा, ते ‘आयडेंटिफाय’ दाबून बघा. मॉनिटर डावीकडे ठेवलाय आणि चौकोन उजवीकडे, असे फार ठिकाणी सापडते. चौकोन माऊसने ओढून टेबलावर आहेत तसे मांडा. मोठ्या स्क्रीनला ठिपक्यांच्या ३१२ ओळी जास्त आहेत. वरच्या कडा जुळवल्या तर खालच्या ३१२ ओळींना शेजारच उरत नाही, बाण तिथे थडकतो. दोन्ही मॉनिटर टेबलावर असतील तर आमच्या मते खालच्या कडा जुळवाव्यात. साडेअठरा आणि चोवीस इंचाच्या जोडीत ओळी दोन्हीकडे जवळपास समोरासमोर येतात. उरलेली अडचण विंडोज ११ मध्ये ‘ईझ कर्सर मूव्हमेंट बिटवीन डिस्प्लेज’ चालू केल्यावर कमी होते. मान ज्या बाजूला सरळ राहते तोच मॉनिटर ‘मेन’ ठेवा.

दुसरा मॉनिटर काढून ठेवल्यावर एखादी खिडकी गायब झाली, तर तिच्यावर खाली टास्कबारमध्ये क्लिक करून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण एकत्र दाबा. ती बहुधा परत येते.

वायरीबद्दल थोडेसे

जुन्या मॉनिटरला बहुधा निळी व्हीजीए पिन असते. सीपीयूला ती नसेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागतो. नुसत्या जोडवायरने चित्र येत नाही. हलक्या व्हीजीए वायरीत मॉनिटरची ओळख कळवणाऱ्या तारा कधी कधी नसतात, मग योग्य रिझोल्यूशन यादीतच दिसत नाही. आधी वायर बदलून बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर दोन्ही वायरी कार्डालाच लावा.

फोर-के, म्हणजे १०८० च्या चौपट ठिपक्यांचा मॉनिटर विचारणाऱ्यांना आम्ही आधी सीपीयू किती जुना ते विचारतो. जुन्या एचडीएमआय १.४ वर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माऊस जड वाटतो. हिशेबाच्या कामाला १०८० पुरते, उगाच खर्च करू नका.

लाइट जाते तिथे दुसरा मॉनिटरही यूपीएसवर घ्यायचा असेल, तर बॅकअप तेवढा कमी होईल हे धरून चला.

रावेर, यावल, चोपड्याकडच्या ग्राहकांनी माणूस बोलावण्याआधी दोन्ही मॉनिटरच्या पाठीमागचे मॉडेल नंबर आणि सीपीयूच्या मागच्या पिनांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा. योग्य वायर घेऊनच माणूस निघेल.